रीफ टँकमधलं नायट्रेट-फॉस्फेट: कुठल्या क्रमानं आणि किती हळू उतरवायचं

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्या रॉकवर हिरवे केस, म्हणजे शेवाळ, उगवले की शनिवारी दुकानातून जीएफओचा (फॉस्फेट शोषणाऱ्या लोहयुक्त दाण्यांचा) डबा येतो. डब्यावर छापलेलं पूर्ण माप रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे पाणी त्या दाण्यांतून फिरवणाऱ्या नळकांड्यात, जातं. सोमवारी फॉस्फेट खरंच खाली आलेलं असतं. बुधवारी अ‍ॅक्रोपोराच्या (एका कठीण कोरलच्या) बुडाकडून कातडी सुटायला लागते, आणि महिन्याभरात वाळूवर तपकिरी, बुडबुडे अडकलेला चिकट थर पसरतो. मग विचारणा होते: एवढं करूनही टँक का बिघडला? तो एवढं केल्यामुळेच बिघडलेला असतो.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करायच्या. पहिल्या चार पायऱ्यांना फारसा खर्च नाही, म्हणून लोक त्या ओलांडून थेट सहावीवर उडी मारतात.

सगळी मापं २०० लिटर खऱ्या पाण्यासाठी आहेत. खरं पाणी म्हणजे काय, ते आधी नक्की करा. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी कागदावर साधारण २५५ लिटरची होते. त्यातून रॉक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करा, सम्पमधलं (खालच्या जोड टाकीतलं) पाणी मिळवा. काचेच्या मापावरून औषध घातलं की पहिल्याच दिवशी डोस जास्त होतो.

## किती हवं?

नायट्रेट २ ते १५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम. एसपीएस (छोट्या पॉलिपची कठीण) कोरल असतील तर या पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात राहा. झोआ, मशरूम, लेदर ही मऊ कोरल असतील तर थोडं वर गेलं तरी बिघडत नाही. शून्य हे ध्येय नव्हे, कारण कोरललाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. दोन्ही आकडे तळाला गेले की डायनो नावाचं एकपेशीय संकट (वर सांगितलेला तपकिरी चिकट थर) डोकं वर काढतं, आणि हिरव्या शेवाळापेक्षा ते काढणं कितीतरी कठीण.

आणखी एक. तुमच्या टँकमध्ये महिनोन् महिने नायट्रेट २५ आणि फॉस्फेट ०.१५ आहे, कोरल वाढतायत, रंग चांगला आहे, शेवाळ नाही? मग हा लेख इथंच बंद करा. चालत्या टँकला आकड्यासाठी हात लावू नये.

## पायरी १: मोजणी खरी आहे का ते पाहा

निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

फॉस्फेटसाठी रंग जुळवायच्या किटवर विसंबू नका. ०.०३ आणि ०.१० मधला निळा फरक ट्यूबलाइटखाली कुणालाच नीट दिसत नाही. हॅनाचा डिजिटल चेकर घ्या. मात्र त्यातलं एचआय ७३६ हे मॉडेल फॉस्फेट दाखवत नाही, फॉस्फरस दाखवतं, तेही पीपीबीमध्ये (अब्जात इतके भाग). आलेल्या आकड्याला ३.०६६ नं गुणा आणि १००० नं भागा. चेकरवर ३० आलं तर फॉस्फेट ०.०९ पीपीएम. कुणी ३० पाहून हादरतं, कुणी ते ०.०३ समजून निर्धास्त होतं. दोघंही चुकतात.

क्युव्हेटवर (चाचणीच्या काचेच्या कुपीवर) बोटांचे ठसे, ओरखडे किंवा आत चिकटलेले बारीक बुडबुडे असले की आकडा फुगतो. मायक्रोफायबरच्या कापडानं पुसा, आणि झिरो करताना ज्या बाजूनं ठेवलं त्याच बाजूनं परत ठेवा. पुडीतली पावडर टिचक्या मारून पूर्ण उतरवा. किट गच्चीलगतच्या खोलीत ठेवलं असेल तर मे महिन्यात रसायनं मुदतीआधीच मान टाकतात. कपाटात, थंड जागी ठेवा.

नायट्रेटचं किट खाऱ्या पाण्यासाठीचं आहे ना, ते वाचा. गोड्या पाण्याच्या तक्त्यावर खाऱ्याचा रंग जुळवणं हा नेहमीचा घोळ आहे. टँक नवा असेल तर आधी नायट्राइट मोजा. नायट्राइट शिल्लक असताना बरीच किट्स नायट्रेट खोटंच जास्त दाखवतात.

तपासा: एकदा तीच चाचणी शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) पाण्यावर करा. तिथंही फॉस्फेट ०.०४ दिसत असेल तर गडबड टँकमध्ये नाही, तुमच्या हातात किंवा किटमध्ये आहे.

तपासा: आठवड्यात तीन वेळा, दिवसाच्या ठरलेल्या वेळी, खाऊ घालण्याआधी मोजा आणि वहीत लिहा. एका आकड्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका.

शेवाळ भरपूर आहे आणि चाचणी शून्य दाखवते, असंही होतं. पाण्यात आलेलं सगळं शेवाळच खाऊन टाकत असतं. अशा वेळी जीएफओ घालणं म्हणजे कोरलच्या तोंडचा उरलासुरला घास काढणं. शेवाळ हातानं उपटा आणि पायरी ३ वर जा.

## पायरी २: आत येणारं पाणी

घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरणारे बरेच आहेत. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. पिण्याला ते ठीक, टँकला नाही.

हवं ते आरओडीआय, म्हणजे आरओच्या पुढं उरलेले क्षार धरणारं डीआय रेझिन जोडलेलं. मेम्ब्रेन साधारण ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते. म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं ३०० टीडीएसचं पाणी आत गेलं तर ६ ते १५ टीडीएस बाहेर येतं. उरलेलं डीआय रेझिननं शून्यावर आणायचं. रेझिनचा रंग बदलायची वाट पाहू नका, मीटर लावा. मशीन चालू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी जास्त टीडीएसचं येतं. ते बादलीत घ्या, लादी पुसायला वापरा.

पावसाळ्याच्या तोंडावर प्री-फिल्टर बदला. गढूळ पाण्यानं सेडिमेंट फिल्टर आठवड्यात चॉकलेटी झालेला पाहिला आहे मी.

इशारा: मुंबईच्या किनाऱ्याचं समुद्राचं पाणी फुकट मिळतं म्हणून कॅनमध्ये भरून आणू नका. त्यात शहराचं सांडपाणी आहे, म्हणजे जे काढायचं तेच आपण विकत न घेता घरी आणतो. मालवणच्या किनाऱ्यावरून कोरलचे दगड उचलणं तर गुन्हाच आहे. दगड बनवणारी सगळी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

## पायरी ३: खाणं

नायट्रेट आणि फॉस्फेट टँकमध्ये आपोआप उगवत नाहीत, मुख्यतः खाण्याच्या डब्यातून येतात. हिशेब करून पाहा. कोरड्या दाण्यात साधारण १ टक्का फॉस्फरस आणि ५० टक्के प्रथिनं धरा. १ ग्रॅम दाण्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस येतो, म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. २०० लिटरमध्ये ते ०.१५ पीपीएम होतं. प्रथिनांतला नायट्रोजन शेवटी नायट्रेट झाला तर आणखी पावणेदोन पीपीएमच्या आसपास. काहीच बाहेर काढलं नाही तर एका ग्रॅमनं एवढं होतं. तुमची चिमूट किती ग्रॅमची आहे, ते सोनाराचा छोटा काटा आणून एकदा मोजा. माझी ०.४ ग्रॅम निघाली. घरच्यांची दीड.

खाणं अर्ध्यावर आणायचं असेल तर दोन आठवड्यांत आणा. माशांना उपाशी ठेवू नका. टँग माशाचं पोट आत गेलेलं दिसलं तर तुम्ही जास्त ताणलं आहे. कोरड्या दाण्यांचा एक वेळचा वाटा कमी करून फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) द्या. तो आरओच्या पाण्यात वितळवून, गाळणीत धुऊन, रस टाकून द्या. रस टाकल्यानं फार मोठा फरक पडत नाही, पण त्याला खर्चही नाही.

बाजारातला ताजा जवळा चालतो. गोड्या पाण्यात दोनदा धुऊन, छोटे भाग करून गोठवा. सुका जवळा नको, तो खारवलेला असू शकतो. पाकिटातली सोललेली फ्रोझन कोळंबी घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. आयएनएस ४५१ किंवा ४५२ लिहिलं असेल तर ती कोळंबी पाणी धरून राहावी म्हणून पॉलिफॉस्फेटमध्ये बुडवलेली आहे. वर्षभर कारण न सापडलेलं फॉस्फेट माझ्याकडे याच पाकिटात सापडलं.

कोरल फूड, अमिनो असिड, फायटोप्लँक्टन सध्या बंद. आकडे ठरले की परत सुरू करा.

## पायरी ४: सडायच्या आधी उचला

फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) दर दोन-तीन दिवसांनी बदला. सॉकमध्ये अडकलेली घाण अजून पाण्यातच असते, तिथंच कुजते. चार सॉक आळीपाळीनं वापरा. धुताना साबण नाही.

स्किमरची (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राची) मान दर आठवड्याला पुसा. आतून तुपकट थर बसला की फेस वर चढत नाही आणि आपण स्किमरला नावं ठेवतो. आकडे उतरवायच्या काळात फेस थोडा पातळ ठेवा. कपात फिकट चहाच्या रंगाचं पाणी जमलं तरी चालेल. त्याबरोबर खारं पाणी जातं, म्हणून खारेपणा आठवड्याला मोजा.

रॉकमागच्या सांदीतला गाळ टर्की बास्टरनं (रबरी फुग्याच्या मोठ्या ड्रॉपरनं) उडवा, तो सॉकमध्ये जाऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी तो सॉक काढा.

इशारा: वाळू एका वेळी एक चतुर्थांशच सायफन करा. चार इंचांहून खोल, वर्षानुवर्षं न हलवलेली वाळू ढवळू नका. खाली हायड्रोजन सल्फाइड साठलेलं असू शकतं. सडक्या अंड्याचा वास आला तर हात तिथंच थांबवा.

थांबा: इथवर आलात की तीन आठवडे आणखी काहीही करू नका. फक्त मोजत राहा. आकडे उतरत असतील तर पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही.

## पायरी ५: पाणी बदलणं, आणि त्याची मर्यादा

नायट्रेट पाण्यात विरघळलेलं असतं, त्यामुळे त्याचं गणित सरळ आहे. २० टक्के पाणी बदललं की २० टक्के नायट्रेट गेलं. ८० वरून १० वर यायला २० टक्क्यांचे नऊ-दहा बदल लागतील, तेही मधल्या काळात नवीन काही जमा झालं नाही तर. एकदम ७० टक्के बदलून मोकळं व्हावं असं वाटतं. करू नका. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता), तापमान, सगळंच एका दिवसात हलतं. आठवड्याला १५ ते २० टक्के पुरे.

नवीन पाणी आदल्या रात्री कालवा, पंप आणि हीटर लावून ठेवा. खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान टँकएवढं. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवा, साध्या पाण्यावर नाही.

फॉस्फेट मात्र असं जात नाही. ०.३० चं फॉस्फेट पाणी बदलल्यावर ०.२४ होतं आणि दोन-तीन दिवसांत जवळपास तिथंच परत येतं. मीठ खराब म्हणून दुकानदाराशी भांडणारे इथं भेटतात. मिठाचा दोष नसतो. रॉक आणि वाळू ॲरॅगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, आणि तिच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं. पाण्यातलं कमी झालं की रॉक सोडतो, पाण्यातलं वाढलं की रॉक धरतो. तुम्ही मोजता ते पाकिटातले पैसे. बँकेतली रक्कम रॉकमध्ये आहे.

## पायरी ६: फॉस्फेट उतरवणं

फॉस्फेट ०.१५ च्या वर अडलं असेल तरच ही पायरी.

१. जीएफओ डब्यावरच्या मापाच्या एक चतुर्थांश घ्या.

२. आरओच्या पाण्यात खळबळून धुवा. तांबडं पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत. चोळू नका, दाणे फुटून पावडर होते.

३. रिअ‍ॅक्टरमध्ये भरा. प्रवाह इतकाच ठेवा की वरचा थर संथ उकळी आल्यासारखा हलेल. जोरात घुसळला तर दाणे एकमेकांवर घासून भुकटी होतात. पहिलं लिटर-दोन लिटर पाणी बादलीत जाऊ द्या.

४. दोन दिवसांनी मोजा. आठवड्यात आधीच्या आकड्याच्या एक तृतीयांशाहून जास्त उतरत असेल तर रिअ‍ॅक्टर दिवसातून काही तासच चालवा. ०.३० असेल तर पहिल्या आठवड्याअखेर ०.२० च्या खाली नको.

५. उतरायचं थांबलं की माल संपला. मोठ्या आकड्यावर तो आठवड्यातही संपतो. नवीन भरा, पुन्हा तेवढंच.

तपासा: या काळात अल्कलिनिटी दर दोन दिवसांनी मोजा आणि ७.५ ते ८.५ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) दरम्यान एका जागी ठेवा. पोषण कमी होत असताना अल्कलिनिटी १० च्या पुढे असली की एसपीएसची टोकं जळतात.

रिअ‍ॅक्टर काढल्यावर फॉस्फेट परत चढलं तर "जीएफओ फेल गेला" म्हणू नका. रॉकमधली रक्कम अजून बाहेर येत आहे. जुन्या, भरपूर खाऊ घातलेल्या टँकमध्ये यात काही महिने जातात.

लँथॅनम क्लोराइड स्वस्त आणि जोरदार. मी ते मोठ्या टाकीत, फॉस्फेट १ च्या वर असेल तरच सुचवतो. आरओच्या पाण्यात पातळ करून, कित्येक तास थेंब थेंब, १० मायक्रॉनच्या सॉकमध्ये सोडायचं. साका सॉकमध्ये अडकला पाहिजे. तो टाकीत पसरला तर मासे भराभर श्वास घेतात, आणि सगळ्यात आधी टँगना त्रास होतो. स्विमिंग पूलसाठीचं औषध घेतलंत आणि बाटलीवर तीव्रता लिहिलेली नसेल तर ते वापरू नका.

## पायरी ७: नायट्रेटसाठी कार्बन डोसिंग

कार्बन (इथं व्हिनेगर किंवा वोडका) दिला की जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतात, आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. चांगला स्किमर नसेल तर ही पायरी तुमच्यासाठी नाही.

इथली सगळ्यात मोठी चूक पायरी ६ मधून येते. जीएफओनं फॉस्फेट शून्य केलेलं असतं आणि नायट्रेट ५० वर अडलेलं असतं. व्हिनेगर वाढवत नेलं तरी हलत नाही, कारण जिवाणूंनाही वाढायला फॉस्फरस लागतो. आधी जीएफओ बंद करा, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास येऊ द्या. नायट्रेट आपोआप हलायला लागतं. उलट बाजूनंही हेच: नायट्रेट संपलं असेल तर कार्बननं फॉस्फेट उतरणार नाही.

व्हिनेगर पांढरं, बिनरंगाचं, ४ ते ५ टक्के ॲसेटिक असिडचं घ्या. किराणा दुकानातल्या काही बाटल्यांत कॅरामलचा रंग असतो, लेबल पाहा. वोडका वापरायची असेल तर व्हिनेगरच्या साधारण आठव्या हिश्श्यात काम होतं, पण थेंबाच्या चुकीचीही किंमत आठपट. म्हणून मी व्हिनेगरच सांगतो.

पहिला आठवडा रोज २ मिली. दिवे लागल्यावर, सम्पमध्ये, स्किमरच्या पंपाजवळ. पुढं दर आठवड्याला २ मिली वाढवा. नायट्रेट उतरायला लागलं की वाढवणं थांबवा. हव्या पट्ट्यात आलं की हळूहळू अर्ध्यावर आणा. एकदम बंद करू नका, वाढलेले जिवाणू एकदम मरतात आणि सगळं पाण्यात परत येतं.

इशारा: पाणी दुधाळ झालं, काचेवर पांढरे तंतू आले किंवा मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर त्या दिवशी डोस नाही, आणि एअर पंप लावा. जिवाणू ऑक्सिजन खातात. लाइट गेली असेल, स्किमर बंद असेल, तरीही डोस नाही. ऑटो डोसर इन्व्हर्टरवर आणि स्किमर थेट लाइनवर, अशी जोडणी अनेकांकडे असते. आजच बदला.

गडबड नको असणाऱ्यांसाठी सम्पमध्ये चीटो (तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ) उत्तम. रात्री दिवा, मुठीएवढ्या गोळ्यापासून सुरुवात, दुप्पट झाला की अर्धा काढून टाका. काढला नाही तर उपयोग शून्य. कॉलर्पा (दुसरी एक समुद्री वनस्पती) नको, ती एका रात्रीत विरघळून सगळं परत पाण्यात ओतते. काढलेला चीटो खाडीत नाही, कुंडीत टाका, पण मीठ धुऊन.

## आकडे फार खाली गेले तर

आधी जीएफओ काढा. मग व्हिनेगर दर तीन दिवसांनी थोडं थोडं कमी करा आणि खाणं वाढवा. दोन आठवड्यांत काही दिसलं नाही तरच बाहेरून द्या.

नायट्रेटसाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचं सोडियम नायट्रेट २७.४ ग्रॅम, १ लिटर आरओच्या पाण्यात. याचे १० मिली २०० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवतात. दिवसाला यापेक्षा जास्त नको. कृषी सेवा केंद्रातलं खत वापरावंसं वाटेल, द्राक्ष बागायतदार १३:०:४५ वापरतातच. पण त्यात पोटॅशियमही आहे. कॅल्शियम नायट्रेटचं खत तर नकोच, त्यात थोडा अमोनिया असतो.

फॉस्फेटसाठी ट्रायसोडियम फॉस्फेट, डोडेकाहायड्रेट प्रकारातलं, ४ ग्रॅम १ लिटरमध्ये. पावडर दाहक असते, हातमोजे घाला. याचे २ मिली २०० लिटरमध्ये ०.०१ पीपीएम देतात. संध्याकाळी ६ मिली घालाल आणि सकाळी चेकर पुन्हा शून्य दाखवेल. घाबरून दुप्पट करू नका. रिकामा झालेला रॉक आता परत भरतोय. रोज तेवढंच घालत राहा आणि सकाळचा आकडा शून्यावरून हलला की माप निम्मं करा.